हिरवी बाटली, तपकिरी बाटली

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात प्रकाशाविषयी चांगलेच लिहायचे असते, असा जणू एक अलिखित नियमच आहे. वाचनालयातले जुने अंक चाळले तर ज्ञानाचा प्रकाश, आशेचा किरण, नवी पहाट हे शब्द पानोपानी भेटतात. अंधाराच्या वाट्याला मात्र अज्ञान, अन्याय आणि दारिद्र्य एवढेच येते. प्रकाशाशी माझे काही वैर नाही. आमच्या घरात कॉलेजचा उंबरठा ओलांडणारा मी पहिलाच, तेव्हा मला तर त्याची गरज इतरांहून अधिक. तथापि प्रस्तुत लेखात मी उजेडाने बिघडणाऱ्या एका पदार्थाविषयी लिहिणार आहे, आणि तो पदार्थ म्हणजे बिअर.

बिअरचे नाव काढताच काही भुवया उंचावतील, म्हणून खुलासा आधीच करतो. मी एकोणीस वर्षांचा आहे. आपल्या महाराष्ट्रात बिअर पिण्यासाठी कायद्याने वयाची एकवीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात. मी ती चाखलेली नाही, आणि कुणी चाखावी असा प्रचारही मला करायचा नाही. परंतु एखाद्या वस्तूचा विचार ती वापरणाऱ्यानेच करावा असे थोडेच आहे? बिअरच्या एका बाटलीमागे जव पिकवणारा शेतकरी आहे, भट्टीवरचा कामगार आहे, रिकाम्या बाटल्या गोळा करणारा भंगारवाला आहे, ट्रक भरणारा हमाल आहे. माझे वडील तालुक्याच्या गावी एका बिअर शॉपीत मदतनीस आहेत. तेही पीत नाहीत. आमच्या घरच्या मीठमिरचीचा हिशेब मात्र त्या बाटल्यांशी बांधलेला आहे. तेव्हा या विषयावर दोन शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

प्रथम बिअर म्हणजे काय ते पाहू. पाणी, मोड आणून भाजलेले जव, यीस्ट आणि हॉप नावाच्या वेलीची फुले, या चार गोष्टींपासून ती तयार होते. बव्हेरियात १५१६ साली राजाज्ञाच निघाली होती की बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी यांखेरीज काही घालू नये. यीस्टचे कार्य तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते, म्हणून त्याचे नाव त्या आज्ञेत नाही. हॉपची वेल ही आपल्या गांजाच्या झाडाची चुलतबहीण. दोघी एकाच कुळातल्या. तिच्या मादी फुलांत पिवळसर राळ असते आणि बिअरचा कडवटपणा तिच्यातूनच येतो. हा कडवटपणा केवळ चवीसाठी नाही. बाराव्या शतकातील जर्मन संन्यासिनी हिल्डेगार्ड हिने लिहून ठेवले आहे की हॉपच्या कडूपणामुळे पेये नासत नाहीत. आपल्या देशाचाही या गोष्टीशी संबंध आला. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसनच्या भट्टीतली बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानात येत असे. कित्येक महिन्यांचा तो प्रवास. पुढे अशा कडक हॉपच्या बिअरला ‘इंडिया पेल एल’ असे आपल्या देशाचेच नाव पडले. ही बिअर यायची ती लाकडी पिंपांतून, जहाजाच्या पोटातल्या काळोखातून. समुद्र, उष्मा, हेलकावे, सारे तिला सोसावे लागे. एका गोष्टीशी मात्र त्या प्रवासात तिची गाठ पडत नव्हती, ती म्हणजे सूर्यप्रकाश.

आता उजेड लागला की नेमके काय बिघडते ते सांगतो. मी कला शाखेचा विद्यार्थी असल्याने रसायनशास्त्राच्या वर्गात मला प्रवेश नाही. पण आपल्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या सरांनी स्टाफरूमच्या पायरीवर तासभर बसवून हे मला समजावून दिले आणि वाचायला पुस्तकही काढून दिले. त्यातले मला उमगले ते असे.

हॉप उकळले की त्यातील आम्लांचे रूप पालटून ‘आयसोह्युम्युलोन’ नावाची कडू द्रव्ये तयार होतात. बिअरमध्ये रायबोफ्लेविनही असते. हे म्हणजे ब-२ जीवनसत्त्व. दुधात असते तेच. या रायबोफ्लेविनला उजेड शोषून घेण्याची खोड आहे, त्यातही जांभळा आणि निळा उजेड, म्हणजे शास्त्राच्या भाषेत सुमारे ३५० ते ५०० नॅनोमीटर लांबीच्या लहरी. शोषलेली ही शक्ती ते कडू द्रव्याच्या अंगावर टाकते. त्या तडाख्याने कडू द्रव्याचा एक तुकडा तुटतो, आणि जवातील प्रथिनांतून आलेल्या गंधकाशी जाऊन मिळतो. या संयोगातून जे जन्माला येते त्याचे नाव मोठे लांबलचक आहे: ३-मिथिल-२-ब्युटीन-१-थायॉल. नावाइतका त्याचा वासही लांब पोहोचतो. अमेरिकेत स्कंक नावाचा एक प्राणी आहे. संकटात सापडला की तो शेपटीखालून दुर्गंधी फवारा सोडतो. त्या फवाऱ्यातील द्रव्ये याच घराण्यातली, म्हणून इंग्रजीत अशा बिअरला स्कंकाचेच नाव देतात. आपल्याकडे स्कंक नाही, पण ज्याच्या घरात रात्री चिचुंद्री फिरून गेली आहे त्याला नाक मुरडणे म्हणजे काय हे निराळे सांगायला नको. हे द्रव्य एका लिटरमध्ये अवघे काही नॅनोग्रॅम असले तरी माणसाच्या नाकाला कळते. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग! गांजाला येणाऱ्या उग्र वासामागेही हेच द्रव्य आहे, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. चुलतबहिणींचे नाते शेवटी वासातही उतरले म्हणायचे.

हे ज्ञान काही कालपरवाचे नाही. उन्हात ठेवलेल्या बिअरला घाण वास येतो याची नोंद जर्मन शास्त्रज्ञ कार्ल लिंटनर यांनी १८७५ सालीच केली होती. त्यामागील रसायनक्रियेचा उलगडा १९६० च्या दशकात जपानमधील कुरोइवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. २००१ साली अमेरिका व बेल्जियममधील संशोधकांनी तुकडा नेमका कसा तुटतो हे उपकरणांच्या साह्याने टिपून दाखवले. म्हणजे ही गोष्ट ठाऊक होऊन दीडशे वर्षे लोटली.

उन्हाविषयीची आपली घरगुती समजूत मात्र याच्या अगदी उलट आहे. आपल्याकडे ऊन म्हणजे शुद्धी. पापड, कुरडया, सांडगे उन्हात. मिरच्या, हळद उन्हात. गादीला ढेकूण झाले की गादी उन्हात. लोणच्याच्या बरणीलाही ऊन दाखवायचे. आईच्या मते उन्हाने न सुधारणारी वस्तू जगात नाही, आणि तिच्या वस्तूंपुरते तिचे खरेच आहे. तिथे पाणी उडून जावे हाच हेतू असतो. पाणी उडाले की बुरशी धरत नाही. पण बूच मारलेल्या बाटलीतून पाणी कोठे जाणार? तिथे उन्हाचा वाळवण्याचा गुण कामी येत नाही, फोडण्याचा गुण तेवढा उरतो. येथे आणखी एक घोटाळा टाळला पाहिजे. बिअर उष्णतेनेही खराब होते, पण ती खराबी निराळी. उकाड्यात फार दिवस राहिलेल्या बिअरला शिळी, ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. चिचुंद्रीचा वास येतो तो उजेडाने. बर्फात ठेवलेली बाटलीसुद्धा उन्हात धरली तर बिघडते, आणि तेही पारदर्शक काचेची असेल तर काही मिनिटांत. एवढेच कशाला, दुकानातल्या पांढऱ्या एलईडी दिव्यांतही निळ्या उजेडाचा मोठा वाटा असतो, तेव्हा रात्री दुकान झगमगत ठेवल्यानेही हळूहळू तेच घडते.

मग उपाय काय? उपायही जुनाच आहे, आणि तो अतिशय सोपा आहे. तपकिरी काच. लोह, गंधक आणि कोळसा यांच्या योगाने काचेला हा रंग येतो, आणि अशी काच निळा-जांभळा उजेड बहुतांशी अडवते. हिरवी काच त्यातला बराचसा आत सोडते. पांढरी, म्हणजे बिनरंगी काच तर जवळजवळ सगळाच. पत्र्याचा डबा सर्वांत उत्तम, त्यात उजेडाचा कवडसाही शिरत नाही. असे डबे अमेरिकेतील रिचमंड शहरात २४ जानेवारी १९३५ रोजी प्रथम विक्रीस आले. आपल्या देशात साडेसहाशे मिलीलीटरची जी जाड तपकिरी बाटली पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, ती दिसायला ओबडधोबड. पुन्हा पुन्हा धुऊन भरल्यामुळे तिच्या पोटावर घासल्याचे पांढरट पट्टे उठलेले असतात. पण आतल्या मालाशी ती इमान राखते.

इतके सगळे ठाऊक असताना हिरव्या आणि पांढऱ्या बाटल्या आल्या कोठून, आणि टिकल्या कशा, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मला रसायनात नव्हे, माणसाच्या स्वभावात सापडते, आणि म्हणूनच कला शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात पडायला हरकत नाही.

पूर्वी बिअर लाकडी पिंपात साठवत आणि दगडी चिनी मातीच्या किंवा कथिलाच्या मगातून पीत. ती गढूळ की नितळ, हे पाहायला कोण बसले होते? १८४२ साली बोहेमियातील प्लझेन गावी योझेफ ग्रोल या भट्टीवाल्याने सोनेरी, नितळ अशी बिअर काढली. त्याच शतकात काचेची भांडीही स्वस्त झाली. सोन्यासारखा रंग, वर पांढरा फेस, आणि ते सारे काचेतून दिसते आहे! लोक भुलले यात नवल नाही. जीभ आणि नाक यांच्या मुलखात डोळ्याने पाऊल टाकले ते असे. पुढे अमेरिकेत युरोपातून येणाऱ्या बिअरच्या हिरव्या बाटल्या उंची मालाची खूण ठरल्या. हाइनेकेनची हिरवी बाटली जगभर ओळखीची झाली. हिरवी म्हणजे परदेशी आणि परदेशी म्हणजे चांगली, असे समीकरण बसले. वस्तुतः अटलांटिकपार आलेल्या त्या हिरव्या बाटल्यांनाच उजेडाची बाधा होण्याचा संभव तपकिरीपेक्षा अधिक. पण गंमत अशी की कित्येक पिणाऱ्यांना तो वास हीच परदेशी बिअरची खरी चव वाटू लागली. साहित्यशास्त्राच्या तासाला आपण रसिकतेवर पुष्कळ ऐकतो. रसिकता सवयीने घडते, आणि सवय प्रतिष्ठेने लागते, याचे याहून चपखल उदाहरण मला तरी आढळलेले नाही.

पांढऱ्या बाटलीची कथा तर अधिक बोलकी आहे. अमेरिकेतील मिलर कंपनीची ‘हाय लाइफ’ ही बिअर १९०३ पासून विकली जाते आणि तिची पांढरी बाटली हीच तिची ओळख. उजेडाचा त्रास टाळायचा तर बाटली बदलायची. पण बाटली बदलली तर ओळख जाते. मग कंपनीने बाटली तशीच ठेवली आणि बिअर बदलली! हॉपमधील कडू द्रव्यांवर हायड्रोजनची प्रक्रिया केली की त्यांचा तो तुटणारा सांधा पक्का होतो आणि उजेडात तो वास तयार होत नाही. असा प्रक्रिया केलेला अर्क वापरण्याची रीत १९६० च्या दशकापासून पडली. शास्त्र म्हणून ही करामत वाखाणण्याजोगी आहे, यात शंका नाही. परंतु आपण काय केले याचा जरा विचार करावा. अंगरखा शोभून दिसावा म्हणून अंगाला कापून बेतण्याचा हा प्रकार नव्हे काय?

कुणी म्हणेल, कंपन्यांनी काय हवे ते करावे, तुमचे काय बिघडले? आमचे काय बिघडले ते आता सांगतो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, ज्या दुकानात काम करतात ते पश्चिमेला तोंड करून आहे. दर्शनी भागात काचेमागे एक लांब फळी असून तिच्यावर हिरव्या बाटल्यांची रांग मांडलेली असे, कारण रस्त्याने जाणाऱ्याला त्या उठून दिसतात. दुपारी तीनपासून दिवस मावळेपर्यंत तिथे ऊन. गेल्या वर्षी होळीनंतर एक गिऱ्हाईक त्या फळीवरच्या तीन बाटल्या घेऊन गेले आणि तासाभरात परत आले. “यात चिचुंद्री मेली होती काय?” असे म्हणून त्याने दुकानात आरडाओरडा केला. बघे जमले. मालकाने बाटल्या परत घेतल्या, आणि माल नीट ठेवला नाही, कदाचित काही भेसळ केली असेल, असे म्हणून तिन्ही बाटल्यांचे पैसे अण्णांच्या पगारातून कापले. “मालक, बूच कारखान्यातलं हाय. मी आत काय घालणार?” एवढेच अण्णा म्हणाले. त्यावर कुणी उत्तर दिले नाही.

रात्री जेवताना अण्णा जे बोलले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. ते म्हणाले, “परत येती ती पुढच्या फळीवरचीच. खोक्यातली बाटली परत आलेली इतक्या वर्षांत मी बघितली न्हाई.”

वाचकहो, माझे वडील चौथी शिकलेले आहेत. पण या दोन वाक्यांकडे नीट पाहा. एकाच कंपनीचा माल, एकाच गाडीतून उतरलेला. काही बाटल्या उजेडात, काही पुठ्ठ्याच्या खोक्यात काळोखात. पहिल्या बिघडतात, दुसऱ्या बिघडत नाहीत. प्रयोगशाळेत यालाच तुलनात्मक निरीक्षण म्हणतात. लिंटनर यांनी १८७५ साली जे नोंदवले त्याच्या अगदी जवळ आमचे अण्णा स्वतःच्या अनुभवाने येऊन पोहोचले होते. फरक इतकाच की लिंटनर यांचे म्हणणे छापले गेले, आणि अण्णांचे म्हणणे ताटावरच राहिले. त्या वाक्याचा धागा धरूनच मी दुसऱ्या दिवशी रसायनशास्त्राच्या सरांकडे गेलो होतो.

पुढे जे समजले ते मी अण्णांना घरी सांगितले. रायबोफ्लेविन वगैरे शब्द त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हंजे ऊनच की न्हाई?” मी हो म्हणालो. आठवड्याभरात त्यांनी मालकाला सुचवून पुढच्या फळीवर रिकाम्या बाटल्यांना बुचे लावून त्या मांडल्या आणि भरलेल्या बाटल्या आत खोक्यात ठेवल्या. दुकानाची शोभा तशीच राहिली. खर्च काही नव्हता, म्हणून मालकानेही मान हलवली. त्यानंतर बाटली परत आलेली नाही. कापलेले पैसे मात्र परत मिळाले नाहीत, हेही येथे नमूद केले पाहिजे.

या प्रसंगातून माझे जे मत बनले ते मी स्पष्ट मांडतो. कंपनी हिरवी बाटली निवडते ती दिसण्यासाठी. दुकानदार ती उन्हात मांडतो तीही दिसण्यासाठी. गिऱ्हाईक ती उचलते, तेही ती चांगली दिसते म्हणून. आणि त्या दिसण्याची किंमत भरतो तो, ज्याचा या दिसण्याशी काही संबंध नाही! चूक उजेडाची म्हणणे सोपे आहे, पण उजेडाला कोण दोष देणार? तो सर्वांवर सारखाच पडतो. दोष आहे तो ठाऊक असूनही न सांगण्याचा. ज्याला कळते त्याने सांगितले नाही, आणि ज्याला सोसावे लागते त्याला कळू दिले नाही, तर ते ज्ञान कुणाच्या उपयोगाचे?

माझ्या एका मित्राने हा लेख कच्चा असताना वाचला आणि आक्षेप घेतला की दारूची चव चांगली राहावी म्हणून आपण कशाला झिजावे? उलट ती बिघडली तर पिणारे कमी होतील. आक्षेप चमकदार आहे, पण टिकणारा नाही. एक तर वासाने कुणी पिणे सोडल्याचे ऐकिवात नाही. लोक बाटली बदलून नेतात आणि भुर्दंड नोकराला बसतो. दुसरे असे की हा कायदा काही एकट्या बिअरला लागू नाही. दुधातही तेच रायबोफ्लेविन आहे. पारदर्शक पिशवीतले किंवा बाटलीतले दूध उन्हात अगर प्रखर दिव्याखाली राहिले तर त्याची चव उतरते, आणि वर ते जीवनसत्त्वही नष्ट होते. खाद्यतेलाचेही तसेच. उजेडाने त्याला खवट होण्याची घाई होते. म्हणजे जे बिअरच्या बाटलीत आधी नाकाला समजते, ते आपल्या लेकरांच्या दुधात आणि फोडणीच्या तेलात मुकाट्याने घडत असते. काचेच्या मागे सोन्यासारखे चमकणारे तेल पाहून आपण खूश होतो. आपल्या आज्या तेल बुधल्यात आणि लोणचे चिनी मातीच्या बरणीत ठेवीत. त्यांना नॅनोमीटर ठाऊक नव्हते. पण आतला माल दिसला नाही म्हणून त्यांचे काही अडत नव्हते, एवढे खरे.

दुसरा आक्षेप असा की गिऱ्हाइकाला वस्तू पाहून घेण्याचा हक्क आहे. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी म्हणतो की त्याला खरे काय ते दिसू द्या. बाटलीचा रंग पाहून आतल्या मालाविषयी काही कळत नाही. उलट भलतेच कळते. खरे पाहायचे ते लेबलावर असावे. मद्याच्या बाटलीवर आरोग्याचा इशारा छापलेला असतो, तो असायलाच हवा. त्याच्याच खाली “ही बाटली उन्हात व प्रखर उजेडात ठेवू नये” एवढी एक ओळ मराठीत छापायला किती शाई लागेल? ती ओळ होळीनंतरच्या त्या दिवशी बाटलीवर असती, तर अण्णांना मालकापुढे ती नुसती बोट ठेवून दाखवता आली असती. चौथी शिकलेल्या माणसाला तेवढे वाचता येते.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. उजेडाने बिघडणारा माल भरणाऱ्यांनी तपकिरी काच अथवा डबा वापरावा. हिरव्या-पांढऱ्याचा हट्टच असेल तर तसा इशारा छापावा. दुकानदारांनी भरलेला माल खोक्यात ठेवून शोभेला रिकाम्या बाटल्या मांडाव्यात. आणि बूच न उघडता बिघडलेल्या मालाची भरपाई नोकराच्या पगारातून होऊ नये, ती माल बनवणाऱ्याकडून मागावी. यातली कोणतीही गोष्ट क्रांतिकारक नाही. पहिल्या तीन तर जवळजवळ फुकटात होण्याजोग्या आहेत. चौथी तेवढी अवघड आहे, कारण तिच्यासाठी रसायन नव्हे, न्यायबुद्धी लागते.

आता आपल्या स्वतःविषयी. आपल्या महाविद्यालयात कला शाखेची इमारत एका बाजूला आणि विज्ञान शाखेची दुसऱ्या बाजूला आहे. मध्ये सायकल स्टँड. तेवढे अंतर ओलांडून जाणारे विद्यार्थी थोडे. मराठीत विज्ञान लिहिले जात नाही अशी तक्रार आपण निबंधातून करतो, पण शेजारच्या इमारतीत जाऊन विचारीत नाही. मला तर असे दिसून आले की विचारले की सांगणारे भेटतात, आणि जे सांगतात ते घरच्या भाषेत उतरवून देण्याचे काम आपल्याइतके दुसरे कुणी करू शकणार नाही. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील दुकानांत, गोदामांत, शेतांत, कारखान्यांत काम करतात. वर्षानुवर्षे एकच वस्तू हाताळून त्यांना जे समजलेले असते त्याला पुस्तकाचा आधार मिळाला, तर ते मालकापुढे बोलू शकतात. पहिल्या पिढीतल्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी घरी पदवीचा कागद न्यावा हे तर खरेच. पण त्याआधी दोन-तीन वर्षे अशी काही उत्तरेही न्यावीत, आणि त्याहून आधी घरी बसून त्यांचे प्रश्न नीट ऐकून घ्यावेत.

सुट्टीत गावी जाल तेव्हा वाटेतल्या दुकानांकडे एकदा पाहा. दुधाचे क्रेट उन्हात पडलेले असतील, तेलाच्या बाटल्या दाराशी मांडलेल्या असतील, हिरव्या बाटल्या काचेमागे चमकत असतील. आत काम करणाऱ्या माणसाला हळूच सांगा की यांना सावलीत घे. त्याने कारण विचारले तर तेही सांगा. कदाचित तो म्हणेल, हे मला ठाऊकच होते.

— द्वितीय वर्ष, कला